कॅश आयसाचे व्याजदर कसे ताडून पाहायचे? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ब्रिटनमधल्या मराठी घरांत मार्च उजाडला की गुढीपाडव्याच्या बेताबरोबर आणखी एक विषय निघतो: ५ एप्रिलच्या आत आयसात पैसे टाकायचे राहिलेत, सगळ्यात जास्त दर कुठे मिळतोय? तेच तेच प्रश्न दरवर्षी येतात, म्हणून उत्तरं एकदाची लिहून काढली. कुठल्या बँकेचा दर किती, हे मात्र इथे सापडणार नाही. असा तक्ता आठवड्याभरात शिळा होतो. तक्ता समोर आल्यावर तो वाचायचा कसा, एवढंच इथे आहे.

१. कॅश आयसा म्हणजे नेमकं काय? आपल्या पीपीएफसारखं आहे का?

थोडंसंच. आयसा (इंडिव्हिज्युअल सेव्हिंग्ज अकाउंट) ही ६ एप्रिल १९९९ पासून सुरू झालेली करमुक्त बचतीची सोय आहे; पैसे शेअर्समध्ये न घालता व्याजावर ठेवले की तो कॅश आयसा. १८ वर्षं पूर्ण झालेल्या आणि ब्रिटनमध्ये करनिवासी असलेल्या कुणालाही एका टॅक्स इयरमध्ये (६ एप्रिल ते ५ एप्रिल) सगळ्या प्रकारच्या आयसांत मिळून २०,००० पौंड भरता येतात. त्यावरच्या व्याजावर इथे कर लागत नाही, आणि पैसे आयसात असेपर्यंत पुढच्या वर्षांतही लागत नाही.

पीपीएफशी साम्य इथेच संपतं. पीपीएफचा दर सरकार ठरवतं आणि तो सगळीकडे एकच असतो. इथे प्रत्येक बँक आणि बिल्डिंग सोसायटी (सभासदांच्या मालकीची, बँकेसारखीच ठेवी घेणारी संस्था) आपापला दर लावते. पंधरा वर्षांचं बंधन नाही. आणि भरलेल्या रकमेवर वजावटही नाही. भारतातून नुकते आलेले बरेच जण ‘यात टाकले की पगारावरचा टॅक्स किती वाचेल?’ असं विचारतात. पगारावरचा एक पेनीही वाचत नाही. वाचतो तो फक्त व्याजावरचा कर.

२. दर इतके वरखाली का होतात?

मुख्यतः बेस रेटमुळे, म्हणजे बँक ऑफ इंग्लंड या इथल्या मध्यवर्ती बँकेच्या मूळ व्याजदरामुळे. डिसेंबर २०२१ च्या सुरुवातीला तो ०.१ टक्का होता, ऑगस्ट २०२३ मध्ये ५.२५ टक्क्यांवर पोचला आणि डिसेंबर २०२५ मध्ये उतरत उतरत ३.७५ वर आला. इझी ॲक्सेस (हवे तेव्हा पैसे काढता येणाऱ्या) खात्यांचे दर त्याच्या मागोमाग जातात. फिक्स्ड (ठरावीक मुदतीच्या) खात्यांचे दर मात्र पुढे काय होणार या अंदाजावर ठरतात, त्यामुळे बेस रेट हलण्याच्या आधीच ते हललेले असतात. शिवाय मार्च-एप्रिलमध्ये आयसाचा हंगाम असतो. गिऱ्हाईक ओढण्यासाठी काही बँका त्या काळात दर जरा चढवतात आणि मे महिन्यात गुपचूप उतरवतात.

३. एका बँकेच्या पानावर एईआर लिहिलंय, दुसरीकडे ग्रॉस. तुलना कशाची करायची?

एईआरची (ॲन्युअल इक्विव्हॅलंट रेट). व्याज दरमहा मिळो की वर्षाअखेर, व्याजावरचं व्याज धरून वर्षभरात खरोखर किती पडेल, हे एईआर सांगतो. एकाच खात्याचे दोन पर्याय असतात तेव्हा हे चटकन कळतं: वार्षिक व्याजाला ४ टक्के, मासिक व्याजाला ३.९३ टक्के ग्रॉस (म्हणजे व्याजावरचं व्याज न धरता). दोन्हींचा एईआर ४ टक्केच. मासिक व्याज चालू खात्यात काढून घेणार असाल, तर ते साठणार नाही आणि तुम्हाला ३.९३ च पडतील.

४. तक्त्यात सगळ्यात वर जो आहे तोच उघडला तर काय चुकलं?

कदाचित काहीच नाही. पण तो दर तुम्हाला मिळेलच असं नाही. प्रत्येक खात्याच्या पानावर ‘समरी बॉक्स’ नावाचा चौकोन असतो. मी दर नंतर पाहतो, आधी तो चौकोन वाचतो.

पहिली गोष्ट बोनसची. समजा, ‘अ’ खातं ४.३० टक्के देतं, पण त्यातला १ टक्का पहिल्या बारा महिन्यांपुरता बोनस आहे. ‘ब’ खातं सरळ ४.१० देतं. २०,००० पौंडांवर पहिल्या वर्षी ‘अ’मध्ये ८६० मिळाले, ‘ब’मध्ये ८२०. म्हणजे ‘अ’ ४० पौंडांनी पुढे. तेरावा महिना लागला, बोनस गेला आणि दर ३.३० वर आला. आपण विसरलो. दुसऱ्या वर्षी ‘अ’ने साधारण ६८८ दिले, तर ‘ब’ने ८५४ (बाकीचं सगळं आहे तसंच राहिलं असं धरून). दोन वर्षांत ‘अ’वाला सव्वाशे पौंडांनी मागे पडला. बँकेचं गणित आपल्या विसरण्यावरच बेतलेलं असतं. म्हणून खातं उघडलं त्याच दिवशी फोनमध्ये अकरा महिन्यांनंतरची आठवण लावून टाकायची. ती लावणार नसाल तर ‘ब’ घ्या.

दुसरी, पैसे काढण्याची. ‘इझी ॲक्सेस’ असं मोठ्या अक्षरात लिहिलेलं असतं, आणि खाली बारीक अक्षरात: वर्षातून तीनदापेक्षा जास्त वेळा काढले तर दर घसरेल. तिसरी, जुने आयसा त्या खात्यात आणता येतात का. दुसरीकडचे आयसा स्वीकारलेच पाहिजेत अशी सक्ती बँकेवर नाही, आणि काहींचा चढा दर फक्त यंदा भरलेल्या नव्या पैशांवर असतो. गेल्या आठ-दहा वर्षांची जमा वळवायची असेल तर तक्त्यातली वरची दोन-तीन नावं तिथेच गळतात.

बाकीच्या अटी किरकोळ: खातं फक्त ॲपवर, फक्त शाखेत पासबुकावर, किंवा किमान अमुक रक्कम हवी. आई-वडिलांसाठी पाहत असाल तर मात्र ‘फक्त ॲपवर’ ही अट किरकोळ नाही.

५. साध्या बचत खात्यावर आयसापेक्षा जास्त व्याज मिळतंय. मग आयसाच्या भानगडीत पडायचं कशाला?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि तो अगदी रास्त आहे. एप्रिल २०१६ पासून साध्या खात्यावरच्या व्याजालाही करमुक्त मर्यादा आहे: २० टक्के आयकर भरणाऱ्यांच्या गटाला वर्षाला १,००० पौंड, ४० टक्क्यांच्या गटाला ५००, ४५ टक्क्यांच्या गटाला शून्य. दराकडे बघण्याआधी आपण कुठल्या गटात आहोत ते पाहायला हवं. (स्कॉटलंडमध्ये पगारावरच्या कराचे टप्पे वेगळे आहेत, पण व्याजाच्या या मर्यादेसाठी तिथल्या रहिवाशांनाही बाकीच्या ब्रिटनचेच टप्पे लागू होतात.)

समजा, आयसा ४ टक्के देतो आणि साधं खातं ४.४०. तुमचा पगार ३८,००० आणि शिल्लक १५,००० पौंड. साध्या खात्यात ६६० पौंड व्याज, सगळं मर्यादेत, कर शून्य. आयसात ६००. इथे साधं खातं सरळ जिंकलं.

आता पगार ७०,००० आणि शिल्लक ४०,००० धरा. ५०० ची मर्यादा ओलांडल्यावर साध्या खात्यातल्या प्रत्येक जादा पौंडावर ४० टक्के जातात, म्हणजे ४.४० चा दर हातात २.६४ उरतो. ४५ टक्क्यांच्या गटात तोच २.४२. उलट बाजूने मांडायचं तर ४० टक्क्यांच्या माणसाला ४ टक्के करमुक्त म्हणजे ६.६७ टक्के करपात्र, आणि असं साधं खातं कुणी देत नाही.

मर्यादा कधी संपते याचा ढोबळ हिशोब: ४ टक्क्यांनी १,००० पौंड व्याज २५,००० वर होतं, ५०० पौंड १२,५०० वर. शिल्लक याच्या बरीच खाली असेल तर आज आयसाची निकड नाही. पण यंदाची आयसा मर्यादा यंदाच संपते, पुढे नेता येत नाही. दोन वर्षांत घर विकून किंवा पगार वाढून मोठी रक्कम हाती येणार असेल, तर आज थोडा कमी दर पत्करून पैसे आत टाकून ठेवणं मला शहाणपणाचं वाटतं.

एक खाच दोन-तीन वर्षांच्या साध्या फिक्स्ड खात्यांची. व्याज मुदतीअखेरच हातात येत असेल, तर ते सगळं त्या एकाच वर्षाचं उत्पन्न धरलं जातं, आणि दोन-तीन वर्षांच्या मर्यादा असून नसल्यासारख्या होतात.

६. माझा पगार ९९,५०० आहे. मला याने काही फरक पडतो का?

फार. १,००,००० पौंडांच्या वर गेलात की मूळ करमुक्त उत्पन्न (१२,५७०) दर दोन पौंडांमागे एक पौंडाने घटू लागतं, आणि लहान मूल असेल तर टॅक्स-फ्री चाइल्डकेअर (मुलं सांभाळण्याच्या खर्चाला मिळणारी सरकारी मदत) हातचं जातं. इंग्लंडमध्ये नोकरदार पालकांना मिळणारे नर्सरीचे सरकारी तासही जातात. आई-वडिलांपैकी एकाचं उत्पन्न वर गेलं तरी पुरे. या हिशोबात साध्या खात्याचं व्याज धरलं जातं, प्रश्न ५ मधल्या मर्यादेत बसणारं ‘करमुक्त’ व्याजसुद्धा. आयसाचं व्याज धरलं जात नाही. ९९,५०० पगार आणि ९०० पौंड व्याज, एवढ्यावर नर्सरीचा खर्च अंगावर येऊ शकतो. तुमच्यासाठी आयसाचा दर अर्धा टक्का कमी असला तरी बिघडत नाही. चाइल्ड बेनिफिट (मुलांसाठीचा सरकारी भत्ता) परत करावं लागतं त्या ६०,००० ते ८०,००० च्या टप्प्यालाही हेच लागू.

७. फिक्स्ड आयसा मध्येच मोडता येतो का?

येतो. साध्या फिक्स्ड खात्यात बँक ‘मुदत संपेपर्यंत पैसे मिळणार नाहीत’ म्हणू शकते, आयसात तसं म्हणता येत नाही. मात्र व्याज कापलं जातं: एक वर्षाच्या आयसाला ९० दिवसांचं, दोन वर्षांच्या आयसाला १८० दिवसांचं, असे दंड सर्रास दिसतात.

२०,००० पौंड ४.२० टक्क्यांनी वर्षभरासाठी टाकले आणि १२० दिवसांनी मोडले, तर जमलेल्या २७६ पौंडांतून २०७ कापले जातील, हातात ६९ पडतील. साठ दिवसांतच मोडले तर दंड व्याजापेक्षा मोठा, म्हणजे मुद्दलाला कात्री. दुसऱ्या बँकेत वळवणं हेही मोडणंच धरतात. घराचं डिपॉझिट भरायची तारीख जवळ असेल तर फिक्सच्या वाटेला जाऊ नये.

८. दुसऱ्या बँकेत चांगला दर आहे. पैसे चालू खात्यात काढून तिकडे भरले तर चालेल ना?

नाही. ही चूक मी स्वतः केली आहे. काही वर्षांपूर्वी जुन्या आयसातले ९,००० पौंड रविवारी दुपारी, जेवण झाल्यावर सुस्तीत, मोबाइलवरून चालू खात्यात काढले आणि नव्या बँकेच्या ॲपवर भरायला गेलो. ॲप म्हणालं, यंदाची मर्यादा भरत आली आहे, १,२०० च घेता येतील. उरलेले ७,८०० पौंड, म्हणजे तीन-चार वर्षांत हळूहळू जमवलेलं करमुक्त छत्र, दोन टॅप्समध्ये उडालं होतं. बँकेचा दोष शून्य.

बरोबर वाट अशी: नव्या बँकेत आयसा उघडायचा आणि तिथला ट्रान्सफर फॉर्म भरायचा. जुन्या बँकेशी ती बोलते. कॅश आयसातून कॅश आयसात वळवायला १५ कामकाजाचे दिवस ही मुदत आहे. या वाटेने गेलेले मागल्या वर्षांचे पैसे यंदाच्या मर्यादेत मोजले जात नाहीत.

तुमचा आयसा ‘फ्लेक्सिबल’ असेल (२०१६ पासून बँकांना तशी मुभा आहे, सक्ती नाही), तर काढलेले पैसे त्याच टॅक्स इयरमध्ये, त्याच आयसात परत टाकता येतात. माझा नव्हता. मी विचारलंही नव्हतं.

९. एका वर्षात एकच कॅश आयसा चालतो ना?

तो जुना नियम. ६ एप्रिल २०२४ पासून एकाच वर्षात वेगवेगळ्या बँकांत हवे तितके कॅश आयसा उघडता येतात. सगळ्यांत मिळून भरणा मर्यादेत हवा. यंदा भरलेल्या पैशांतले थोडेच वळवायलाही तेव्हापासून परवानगी आहे, पण दोन्हीकडच्या बँकांची तयारी लागते. अर्धे फिक्स, अर्धे इझी ॲक्सेस, हे आता सरळ जमतं.

१०. नवरा-बायकोच्या जॉइंट नावाने उघडता येईल का? नॉमिनी कुठे लिहायचा?

दोन्ही नाही. आयसा एकाच माणसाच्या नावावर असतो, आणि भारतातल्यासारखा नॉमिनीचा रकाना इथे नसतो. पैसे मृत्युपत्राप्रमाणे जातात, म्हणून ते करून ठेवा. प्रत्येकाची मर्यादा स्वतंत्र असल्यामुळे दोघांचे मिळून ४०,००० होतात. बायकोला पैसे देऊन तिच्या नावाने आयसा भरणं अगदी नियमात आहे, मात्र नंतर ते पैसे तिचे.

जोडीदार गेल्यास त्याच्या आयसात जितकी रक्कम होती, तितकी जादा मर्यादा मागे राहिलेल्या पती किंवा पत्नीला एकदा मिळते. बँक हे आपणहून सांगेलच असं नाही, विचारावं लागतं.

११. मुलीच्या नावाने टाकले तर दर जास्त मिळतो म्हणे?

ज्युनियर कॅश आयसाचे दर पुष्कळदा थोडे वर असतात. वर्षाची मर्यादा ९,००० पौंड आणि ती तुमच्या मर्यादेपेक्षा वेगळी. मूल ब्रिटनमध्ये राहणारं हवं. पैसे कुणीही भरू शकतं, पुण्याची आजीसुद्धा. पण ते पैसे मुलीचे, १८ पर्यंत कुलूपबंद, आणि अठराव्या वाढदिवशी सही तिची. साध्या मुलांच्या खात्यात मात्र आई किंवा वडिलांनी दिलेल्या पैशांवर वर्षाला १०० पौंडांच्या वर व्याज झालं, तर ते सगळं देणाऱ्याच्या उत्पन्नात धरतात. आजीने दिलेल्या पैशांना ही अट नाही.

१२. दर सगळ्यात चांगला, पण बँकेचं नावही ऐकलेलं नाही. बुडाली तर?

बँक इथल्या नियामकाकडे नोंदलेली असेल तर एफएससीएसचं (इथल्या ठेव विमा योजनेचं) संरक्षण १ डिसेंबर २०२५ पासून माणशी १,२०,००० पौंडांपर्यंत आहे (आधी ८५,००० होतं). भारतातल्या पाच लाख रुपयांच्या ठेव विम्याची सवय असलेल्याला ही रक्कम प्रशस्त वाटते. फक्त ती लायसन्समागे मोजतात, पाटीमागे नाही. एचएसबीसी आणि फर्स्ट डायरेक्ट यांचं लायसन्स एक. हॅलिफॅक्स आणि बँक ऑफ स्कॉटलंड यांचंही एक. दोन्हीकडे ठेवलेत तरी मर्यादा एकच, आणि आयसा व साधं खातं त्यात एकत्र धरतात.

१३. भारतातली एनआरई एफडी टॅक्स-फ्री आहे आणि दरही जास्त. मग आयसा कशाला?

एनआरई एफडी (अनिवासी भारतीयांची भारतातली मुदत ठेव) टॅक्स-फ्री आहे ती भारतात. तुम्ही ब्रिटनचे करनिवासी असाल तर जगभरातलं व्याज इथे करपात्र, एनआरईचंही. ‘टॅक्स-फ्री’ हा शब्द त्या त्या देशाच्या वेशीपर्यंतच चालतो, आणि नेमकं हेच आपल्या लोकांना पटवणं सगळ्यात अवघड जातं. ‘बँकेच्या माणसाने सांगितलं टॅक्स नाही’ असं उत्तर येतं. तो माणूस खोटं बोलत नसतो. तो भारताच्या बाजूचं सांगत असतो.

समजा, एनआरईवर ७ टक्के मिळाले. प्रश्न ५ मधली मर्यादा परदेशी व्याजालाही लागू आहे. ती संपल्यावर ४० टक्क्यांच्या गटात ७ चे ४.२० उरतात. त्यातून पौंडाच्या तुलनेत रुपया वर्षभरात दोन टक्के उतरला तर २.१० च्या आसपास. रुपया वधारला तर फायदा तुमचा, पण ती चलनावरची पैज झाली. शिवाय एनआरई एफडी वर्षाच्या आत मोडली तर व्याज शून्य. पैसे शेवटी भारतातच खर्चायचे असतील, तर चलनाचा मुद्दा सोडून द्या आणि फक्त कर मोजा.

अपवाद नव्याने आलेल्यांचा. सलग दहा टॅक्स इयर ब्रिटनचे करनिवासी नसलेल्या माणसाला, ६ एप्रिल २०२५ पासून, इथल्या पहिल्या चार वर्षांत परदेशी उत्पन्नावर सूट मागता येते. ती रिटर्नमध्ये मागावी लागते, आणि मागितली त्या वर्षी १२,५७० ची मूळ सूट सोडावी लागते. थोड्या व्याजासाठी हा सौदा सहसा तोट्याचा.

आणि ‘कुणाला कळतंय?’ याचं उत्तर: दोन्ही देश खात्यांची माहिती एकमेकांना आपोआप देतात.

१४. भारतात असताना उघडलेलं पीपीएफ चालू आहे. त्याचं काय?

अनिवासी झाल्यावर नवं उघडता येत नाही, जुनं मुदतीपर्यंत चालतं. ब्रिटनमधल्या करापुरतं प्रश्न १३ चं उत्तर इथेही लागू: भारतात करमुक्त, इथे नाही.

१५. पुढच्या वर्षी कायमचे भारतात जातोय. आयसा बंद करावा लागेल?

नाही. ब्रिटन सोडलं त्या टॅक्स इयरनंतर नवे पैसे भरता येत नाहीत, पण असलेला आयसा राहतो आणि ब्रिटन त्यावर कर लावत नाही. बँकेला नवा पत्ता आणि निवास बदलल्याचं कळवायचं. भारताच्या बाजूने मात्र चित्र उलटं होतं. परतल्यावर काही काळ ‘निवासी पण सामान्यतः निवासी नसलेले’ या वर्गात बसलात, तर तेवढ्यापुरतं परदेशातलं व्याज सुटतं. पूर्ण निवासी झालात की आयसाचं व्याज भारतात करपात्र, आणि खातं रिटर्नच्या परदेशी मालमत्तेच्या परिशिष्टात दाखवावं लागतं, व्याज नगण्य असलं तरी. त्या दिवसापासून आयसाच्या दराची तुलना साध्या खात्याशीच करायची.

१६. एप्रिल २०२७ पासून मर्यादा कमी होतेय, हे खरं का?

नोव्हेंबर २०२५ च्या बजेटमध्ये तसं जाहीर झालं आहे. ६५ वर्षांखालच्यांना कॅश आयसात वर्षाला १२,००० पौंडच भरता येतील. एकूण मर्यादा २०,००० च राहील, उरलेले ८,००० शेअर्स वगैरेंच्या आयसात. ६५ आणि वरच्यांना कॅशमध्येही २०,०००. आधी भरलेल्या पैशांना धक्का नाही. त्याच एप्रिलपासून व्याजावरचा कर दोन-दोन टक्क्यांनी वाढून २२, ४२ आणि ४७ होणार आहे, म्हणजे प्रश्न ५ मधलं गणित आयसाच्या बाजूला आणखी झुकेल.

१७. दोन बँकांत मिळून चुकून २०,००० च्या वर भरले गेले. लगेच जादा काढून घेऊ का?

काढू नका. आपणहून काढलेत तर घोटाळा वाढतो, कारण कुठला भरणा ग्राह्य आणि कुठला नाही हे एचएमआरसी (इथलं कर खातं) ठरवतं. त्यांच्या आयसा हेल्पलाइनला फोन करून सांगा. वर्ष संपल्यावर बँकांकडून आकडे गेले की ते स्वतः कळवतात, आणि जादा रकमेवरच्या व्याजावर कर लागू शकतो. फोन करताना नॅशनल इन्शुरन्स नंबर आणि दोन्ही बँकांत पैसे भरल्याच्या तारखा जवळ ठेवा.